कधी, कुठे, किती वेळात

ॲलर्जीचा रुग्ण फाईल घेऊन आला, की मी ती आधी बाजूला ठेवते. काहींना ते आवडत नाही. पुण्या-मुंबईला जाऊन, चांगले पैसे मोजून आणलेला रिपोर्ट असतो. त्यात शंभरावर पदार्थांची नावं, प्रत्येकापुढे आकडा आणि लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या. आणि बाई विचारतात काय, तर शिंका सकाळी येतात की रात्री. एका निवृत्त गुरुजींनी मला तोंडावर ऐकवलं होतं, "हे तर आमची आईसुद्धा विचारायची."

गुरुजींनी रिपोर्ट आल्यापासून गहू, तूरडाळ, दूध, केळं आणि शेंगदाणे सोडले होते. गालफडं बसली होती, शिंका मात्र जागच्या जागी. पहिली शिंक कधी येते? उठल्याबरोबर, पांघरुणाच्या घड्या घालताना. वर्षभर सारखंच? नाही, पावसाळ्यात फार. मे महिन्यात ते मुलीकडे नागपूरला जाऊन राहिले होते. तिथे? "तिथे एकदम बरा होतो." तिथे पोळ्या खाल्ल्या? खाल्ल्या, मुलीने पथ्य पाळू दिलं नव्हतं. म्हणजे गहू पोटात जात असताना नाक ठीक होतं, आणि चिपळूणच्या घरात गहू बंद असताना वाहत होतं. इतकं बोलून झाल्यावर मी फाईल उघडली.

त्या रिपोर्टात आयजीजी नावाचं प्रतिपिंडाचं प्रथिन मोजलेलं होतं. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध रक्तात आयजीजी सापडणं ही निरोगी माणसातही घडणारी गोष्ट आहे. रोज पोळी खाणाऱ्याला गव्हाचा आकडा चढा आला, तर त्यातून तो पोळी खातो एवढंच कळतं. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी अन्नाच्या ॲलर्जीसाठी वापरू नका असं लेखी सांगितलेलं आहे. तरी ती विकली जाते, कारण रंगीत यादी हातात पडली की रुग्णाला काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. मला या यादीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. वाढत्या वयाच्या मुलांचं दूध, अंडं, डाळ या कागदाच्या जोरावर बंद झालेलं मी पाहते.

शिंका, दमा, अंगावर झटकन उठणाऱ्या गांधी या नेहमीच्या ॲलर्जीत हात असतो तो आयजीई नावाच्या वेगळ्या प्रथिनाचा. कोळंबीतलं किंवा धुळीतलं एखादं निरुपद्रवी प्रथिन एखाद्याच्या शरीराला धोक्याचं वाटतं. त्याविरुद्ध आयजीई तयार होतं आणि नाक, त्वचा, श्वासनलिका, आतडं इथल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटतं. तेच प्रथिन पुन्हा आलं, की या पेशी हिस्टामिन बाहेर टाकतात. खाज, सूज, शिंका, नाकाडोळ्यांतलं पाणी त्यातून येतं, तेही बहुधा काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत. काल दुपारच्या वांग्याने आज संध्याकाळी शिंका येत नाहीत. वांग्यावरचा आळ मला आठवड्यातून दोनदा तरी पुसावा लागतो.

हा उलगडा व्हायला बराच काळ गेला. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात नाकाचा त्रास व्हायचा. त्यांनी आपल्या कातडीवर ओरखडा काढून त्यावर गवताचे परागकण लावून पाहिले, गांध उठली, आणि 1873 साली त्यांनी हे प्रयोग पुस्तकरूपाने छापले. मला त्याहून आवडतो तो 1921 सालचा प्रयोग, कारण तो माशांचा आहे. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झना माशांचं काहीही वावडं नव्हतं, तरी ती जागा सुजली. दोष रक्तातून दुसऱ्याकडे नेता येतो हे कळलं, पण तो नेमका काय आहे ते कळायला 1966-67 साल उजाडलं. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांनी स्वतंत्रपणे आयजीई शोधलं.

आज आपण जी स्किन प्रिक टेस्ट करतो ती ब्लॅकलींच्या ओरखड्याचीच सुधारलेली तऱ्हा. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवायचे आणि प्रत्येक थेंबातून कातडीला बारीक टोचायचं. रक्त येत नाही. एक थेंब नुसत्या सलाइनचा, एक हिस्टामिनचा. सलाइनची जागा उठता कामा नये, हिस्टामिनची उठलीच पाहिजे. हिस्टामिनचीच उठली नाही तर रुग्णाने बहुधा सर्दीची गोळी घेतलेली असते आणि टेस्ट बाद. म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवायला सांगतात. नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. पंधरा-वीस मिनिटांनी सलाइनच्या जागेपेक्षा 3 मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध उठली, तर पॉझिटिव्ह. ज्यांना गोळी थांबवणं शक्य नाही किंवा ज्यांची कातडीच खराब आहे, त्यांचं रक्तातलं त्या त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई मोजता येतं. नुसतं 'टोटल आयजीई' मात्र फारसं काही सांगत नाही, ते पोटातल्या जंतांनीसुद्धा चढतं.

आणि पॉझिटिव्ह म्हणजे तरी काय? शरीराकडे त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई आहे, इतकंच. त्रास होतोच असं नाही. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याची जवळची भावंडं झुरळात आणि धुळीतल्या माइट या किड्यातही असतात. त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्या माणसाची कोळंबीची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तो जन्मभर कोळंबीचं कालवण मजेत खात असतो. त्याला कोळंबी बंद करायला सांगणारा डॉक्टर कोकणात फार दिवस टिकू नये अशी माझी इच्छा आहे.

गुरुजींची टेस्ट मी केली ती फक्त मोजक्या अर्कांची. माइटची गांध चांगली टपोरी उठली. हा किडा कोळ्याच्या जातकुळीतला, आठ पायांचा, मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. चावत नाही. आपल्या अंगाच्या झडलेल्या कोंड्यावर जगतो, पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून घेतो. हवा कोरडी झाली की मरतो. नागपूरचा मे महिना त्याला सोसत नाही, चिपळूणचा जुलै मानवतो. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्याकडे किती तरी घरांच्या भिंती पुढचा उन्हाळा येईपर्यंत ओल्या होत्या, कपाटांना कुबट वास होता. त्या वर्षी माइटच्या जोडीला बुरशीही आली आणि एरवी कधी दवाखान्याची पायरी न चढणारे लोक घरघरणारी छाती घेऊन आले.

ॲलर्जी करणारी गोष्ट प्रामुख्याने माइटच्या विष्ठेत असते. तिचे कण जड असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत. गादी झटकली, पांघरूण हलवलं की उडतात आणि थोड्या वेळाने खाली बसतात. म्हणूनच शिंका घडी घालताना. म्हणूनच हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्राचा माइटवर फारसा उपयोग नाही. गाद्या उन्हात टाकायची आपली रीत चांगलीच, ऊन किड्यांना सुकवतं. पण विष्ठा उन्हाने जात नाही, ती धुवावी लागते. चादरी, उशांचे अभ्रे, गोधडी आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात. मशीन नसेल तर चादर-अभ्रे कढत पाण्यात भिजवून मग धुवा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, आणि दिवाळीच्या आधी माळा काढायचं काम घरातल्या दमेकऱ्याला देऊ नका. गादीला घालायच्या खास खोळी मिळतात. नुसत्या खोळीवर मात्र विसंबू नये. इंग्लंडात दम्याच्या 1,122 प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि 2003 साली छापलेल्या चाचणीत त्या एकट्या खोळींनी काही फरक पडला नव्हता.

माशांकडे परत येते, कारण कोकणात निदानाची खरी परीक्षा तिथे आहे. "मला बांगडा चालत नाही" असं सांगणाऱ्यांत दोन जाती असतात. एकाला बांगडा, सुरमई, पापलेट काहीही खाल्लं, अगदी तळणाचा वास घेतला तरी ओठ सुजतात. दर वेळी, लहानपणापासून. ही ॲलर्जी. दुसऱ्याला एकदाच झालं. लग्नाहून आल्यावर तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय, अंगावर चट्टे. त्याला मी विचारते, पंगतीतल्या बाकीच्यांचं काय झालं? आणखी तिघांना तसंच झालं होतं म्हणाला, की माझ्या लेखी बांगडा दोषमुक्त. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. बर्फ कमी पडला तर जंतू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते मग शिजवून, तळून जात नाही. हे शिळ्या माशाचं विष. ताजा बांगडा हा माणूस खुशाल खाऊ शकतो. ॲलर्जीचा शिक्का एकदा कपाळी बसला, तर मात्र तो नातवंडांनासुद्धा बांगडा देत नाही. शंका राहिलीच, तर रुग्णालयात देखरेखीखाली थोडा थोडा पदार्थ खाऊ घालून पाहणं हीच सर्वांत भरवशाची तपासणी आहे. घरी कुणी करून पाहू नये.

का पाहू नये, तर ॲनाफिलॅक्सिसमुळे. कोळंबी, गांधीलमाशीचा डंख, दुखण्यावरचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, कशानेही काही मिनिटांत अंगभर खाज, घसा आवळणं, धाप, उलटी, रक्तदाब कोसळणं. अशा वेळी औषध एकच, ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. हे औषध स्वस्त आहे आणि ते प्रत्येक दवाखान्यात असलंच पाहिजे. आधी ॲलर्जीचं ॲव्हिल द्या, मग स्टेरॉइडचं डेक्सा द्या, मग बघू, या क्रमात माणसं दगावतात. रुग्णाला आडवं ठेवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर टेकवून बसवा. पण उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास लक्ष ठेवावं लागतं, कारण लाट पुन्हा येऊ शकते.

पित्ताचं प्रकरण यापेक्षा सौम्य आणि जास्त छळणारं. अंगावर गांधी उठतात, चोवीस तासांच्या आत एका जागच्या जातात आणि दुसरीकडे उठतात. आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावतात. थंडावा मिळतो, माझी हरकत नाही. लहान मुलांत बरेचदा साध्या तापानंतर हे होतं आणि आपोआप जातं. सहा आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलेलं पित्त मात्र बहुतेक वेळा कुठल्याही खाण्यामुळे नसतं. दही, लोणचं, अंडं, मासे सगळं सोडून बसलेल्या काकूंना हे सांगितलं तर त्यांना आधी विश्वास वाटत नाही, मग रागच येतो. इतके दिवस उगाच पाळलं म्हणून. त्यांना लागते ती झोप न आणणारी गोळी, खाज असेल त्या दिवशी नव्हे, रोज. एकीने भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चारपटीपर्यंत डोस वाढवता येतो. त्यानेही न थांबणाऱ्यांसाठी आयजीईलाच बांधून ठेवणारं ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे, महाग आहे. डोकेदुखीसाठी घेतलेली ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन पित्ताला चाळवते, हे विचारायचं विसरू नये.

घाटावरून येणारा एक आजार वेगळाच. गाजर गवत. मूळ अमेरिका खंडातलं हे तण, पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं, बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आलं असं मानतात. शेतात राबणाऱ्या माणसाचा चेहरा, मान, कोपरांचे खळगे, उघडे राहणारे सगळे भाग जाड, काळपट होऊन खाजतात. यात आयजीईचा हात मुख्य नसतो, दुसऱ्याच पेशी दोन-तीन दिवसांनी प्रतिक्रिया देतात. म्हणून प्रिक टेस्ट इथे कामाची नाही; पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढायच्या आणि मग बघायचं, ती पॅच टेस्ट लागते. हेच केसांच्या काळ्या रंगाचं आणि खोट्या दागिन्यांतल्या निकेलचं.

आता उपचार. नाकाच्या ॲलर्जीवर सर्वांत चांगलं औषध म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. आणि लोक सर्वांत लवकर सोडतात तेही हेच, कारण तो लगेच काही करत नाही. पुरता परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. शिवाय मारायची पद्धत कुणी शिकवत नाही. मान किंचित खाली. डावी नाकपुडी असेल तर उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेला वळतं. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं आणि मग स्प्रेच वाईट ठरतो. जोरात हुंगायचं नाही, नाहीतर औषध घशात.

याउलट चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच मिनिटांत स्वर्ग दाखवतात. चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर थेंब उतरल्यावर नाक आधीपेक्षा गच्च होतं आणि माणूस उशीखाली बाटली ठेवून झोपू लागतो. अशांची बाटली सोडवायला मला गुरुजींच्या शिंकांपेक्षा जास्त वेळ लागतो. दर पावसाळ्यात 'एक सुई' घेणारेही आहेत. ती बहुतेक लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडची असते. नाक महिनाभर कोरडं राहतं खरं, पण साखर, हाडं, डोळे यांचा हिशेब नंतर होतो. स्प्रेमध्ये स्टेरॉइड आहे म्हणून घाबरणारा माणूस हीच सुई मागून घेतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

गोळ्यांत सेटिरिझिनने काहींना झोप येते. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही, पण ती पाण्याबरोबर घ्यावी; संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात नीट शोषलीच जात नाही. क्लोरफेनिरामिनच्या जुन्या गोळ्या घेऊन परशुराम घाटात गाडी चालवू नये. मॉन्टेलुकास्ट घातलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. तिच्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2020 साली कडक इशारा दिला आहे: झोपेत बिघाड, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. नाकाचाच त्रास असेल आणि बाकी औषधांनी भागत असेल, तर ती नको. मुलाला ही गोळी सुरू झाल्यावर ते रात्री दचकून उठू लागलं, तर आईने डॉक्टरांना तसं सांगायला हवं.

दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो, पण दम्याचा पंप म्हटलं की घरात सुतक. एकदा लागला की सुटत नाही, लग्न ठरायचं नाही, फार 'पॉवरफुल' असतो. मी आकडे लिहून देते. सॅल्ब्युटामॉलच्या पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट, आणि ती छातीपर्यंत पोचण्याआधी हात थरथरवून, छाती धडधडवून जाते. पंपाला स्पेसरची नळी लावा, स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा. आणि नुसत्या धाप थांबवणाऱ्या पंपावर दमा रेटत राहू नका. 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना हेच सांगतात, की आतली सूज कमी करणारं स्टेरॉइड सोबत हवंच. दमा आहे की नाही हेही फुंकून ठरवायचं असतं. स्पायरोमेट्रीत औषध दिल्यानंतर फुंक 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरने वाढली, तर निदानाला बळ येतं. नुसत्या छातीच्या एक्स-रेवरून दमा कळत नाही.

शेवटी रुग्ण विचारतातच, मुळापासून जाणार का? त्या दिशेचा एकच उपचार आहे, इम्युनोथेरपी. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लेनर्ड नून यांनी 1911 साली गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचायला सुरुवात केली, तीच पद्धत. आता जिभेखाली ठेवायचे थेंबही आहेत. तीन ते पाच वर्षं लागतात. कारण एकच आणि स्पष्ट असेल, माइट किंवा एखादा पराग, आणि रुग्णाची हकीकत त्याच्याशी जुळत असेल, तर फायदा चांगला होतो आणि थांबवल्यावरही टिकतो. दहा-बारा अर्कांची भेळ करून दिलेली बाटली मला मान्य नाही. आटोक्यात नसलेला दमा असेल तर आधी तो आवरावा लागतो. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसायचं, कारण ॲनाफिलॅक्सिस झाला तर तो बहुधा त्याच वेळात होतो. गुहागरहून येणाऱ्यांची एसटी चुकते. पुढची गाडी तासाने असते, चिडतात. टोचून घेऊन लगेच निघणार म्हणणाऱ्याला मी इंजेक्शन सुरूच करत नाही, थेंब देते.